बदक नसल्याचा दाखला

"घशातून नाही गं, पोटातून. पोटातून आवाज काढ. आणि चालताना जरा डुलायचं. तुझ्या त्या शाळेतल्या चालीने ताठ गेलीस तर ते ढुंकूनसुद्धा बघायचं नाही."

इस्पितळातल्या खाटेवरून यजमानांनी बाईंना केलेली ही शेवटची सूचना. इतर माणसं अशा वेळी कपाटाच्या किल्ल्या कुठे ठेवल्यात ते सांगतात, मुलीला जप म्हणतात, गेला बाजार डोळ्यांत पाणी तरी आणतात. यजमानांनी बदकाला हाक कशी मारायची ते सांगितलं. नुसतं सांगून थांबले नाहीत, करूनही दाखवलं. त्यासरशी नर्स धावत आली, कारण तिला वाटलं पेशंटला धाप लागली.

"आता तू कर," नर्स गेल्यावर ते म्हणाले.

"इथे?"

"मग कुठे?"

"अहो, लोक आहेत आजूबाजूला. घरी करीन."

"नक्की?"

"नक्की हो."

"त्याला दुसरं कोणी नाही गं," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

बाईंचा शब्द म्हणजे शब्द. त्यांचे नेम सगळ्या इमारतीला ठाऊक होते. सकाळी उठल्यापासून प्रार्थना होऊन चहाचा पहिला घोट पोटात जाईपर्यंत मौन. संध्याकाळी दिवा लावल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही. आणि काही झालं तरी खोटं बोलायचं नाही. तापाने फणफणल्या असतानाही यातला एक नेम कधी चुकला नव्हता. त्यात आता बदकाची भर. पण आधीचे सगळे नेम चार भिंतींच्या आत, खालच्या मानेने पाळता येत होते. हा नवा नेम भर चौकात पाळायचा होता आणि त्याला पोटातून आवाज लागत होता.

इथे बाईंची अडचण नीट समजून घ्यायला हवी. बाई शाळेत शिकवत असत, आणि त्यांची उभी हयात प्राण्यांच्या आवाजांशी लढण्यात गेली होती. मागच्या बाकावरून मांजर ओरडलं की फळ्याकडे तोंड असतानाच बाई सांगत, "खिडकीजवळचा, उभा राहा." मांजर मुकाट्याने उभं राही. कोंबडा, बकरी, एकदा तर चक्क हत्ती, सगळे त्यांनी बाकावर उभे केले होते. अजूनही त्या जिन्यात दिसल्या की कर्ती-सवरती माणसं आपोआप एका ओळीत चालत.

आणि लग्न झालं ते अशा माणसाशी, की ज्याला दूधवाल्याच्या कुत्र्याशी कुत्र्याच्या भाषेत बोलल्याशिवाय दूध घेता येत नसे.

बदक होतं दोन गल्ल्या सोडून असलेल्या सार्वजनिक बागेतल्या तळ्यात. पूर्वी जोडी होती. त्यातलं एक गेलं, आणि उरलेलं कोणाजवळ येईनासं झालं. यजमान निवृत्त झाले आणि त्यांनी त्याला बोलावून खाऊ घालायचं काम अंगावर घेतलं. पावाच्या तुकड्यांचा डबा हातात, तोंडाने क्वॅक क्वॅक, आणि तळ्याच्या काठाने डुलत डुलत फेरी. बदक पलीकडून पाणी कापत यायचं, काठावर चढायचं आणि त्यांच्या मागोमाग चालायला लागायचं. बघायला गर्दी जमे. बाई त्या वेळी लांबच्या बाकावर, तळ्याकडे पाठ करून, 'हे आमच्यातले नव्हेत' असा चेहरा करून बसलेल्या असत.

यजमान गेल्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ ओसरली तशी एका संध्याकाळी बाई डबा घेऊन तळ्यावर गेल्या. काठावर उभ्या राहिल्या. घसा साफ करून म्हणाल्या, "ये."

झाडाखाली मान पंखात खुपसून बसलेल्या बदकाने एक डोळा उघडला आणि मिटला. हा अनुभव बाईंना नवीन होता. त्यांनी 'ये' म्हटल्यावर आजवर कोणी आलं नाही असं झालं नव्हतं.

"असं नाही यायचं ते," झाडांना पाणी घालायचा पाइप ओढत जाणारा माळी म्हणाला. "साहेब बोलवायचे तसं बोलवा."

"कसं बोलवायचे?" बाईंनी विचारलं. प्रश्न विचारला म्हणजे खोटं बोललो असं होत नाही, हे त्यांनी मनातल्या मनात तपासून घेतलं.

"तुम्हाला ठाऊक असेल की. बघा कसं झालंय. खाईना झालंय कोणाच्या हातचं. इतकं हलकं झालंय की पाण्यावरसुद्धा पहिल्यापेक्षा वर तरंगतंय. बागेचे मोठे साहेब म्हणतात, आता त्याला उचलून कुणाच्या तरी खुराड्यात देऊन टाकू. इथे मरायला नको."

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. फिरायला आलेली माणसं होती, त्यांत निम्मे चेहरे कधीकाळी बाकावर उभे केलेले. क्वॅक पोटातून निघाला, छातीपर्यंत आला, लोकांना पाहून परत गेला. बाईंनी डब्याचं झाकण लावलं. कुठलीही गोष्ट तयारी केल्याशिवाय चारचौघांत करायची नाही, अशी त्यांना सवय. तेव्हा आधी घरी सराव करायचा असं ठरलं.

सरावाला वेळ मिळाला तो सकाळचा, म्हणजे मौनाचा. मौनात बदकाची भाषा चालते का, या प्रश्नावर बाईंनी बराच विचार केला. मौन म्हणजे माणसांशी न बोलणं. बदकाशी बोलण्याबद्दल कुठल्याच ग्रंथात काही लिहून ठेवलेलं नव्हतं. लिहिणाऱ्यांवर तशी वेळ आली नसावी.

पहिले काही दिवस उचकी लागल्यासारखा आवाज निघाला. मग गंजलेल्या बिजागरीसारखा. बाई बैठकीच्या खोलीत सोफ्यापासून पुस्तकांच्या कपाटापर्यंत डुलत जात, कपाटाशी वळत, पुन्हा डुलत येत. भिंतीवरच्या फोटोतून यजमान बघत असत. आणि एका सकाळी अचानक तो आला. पोटातून, भरदार, थोडा चिडका, अगदी अस्सल क्वॅऽऽक! खिडकीच्या कठड्यावरचा कावळा उडाला. खालच्या मजल्यावर कसलं तरी भांडं पडलं.

भांडं बँकवाल्या वहिनींचं. त्यांचे मिस्टर बँकेत होते म्हणून त्या बँकवाल्या. त्यांच्याकडे पोचलेली बातमी व्याजासकट बाहेर पडते, अशी ख्याती. दुपारपर्यंत इमारतीत सगळ्यांना कळलं होतं, की बाईंनी घरात बदक पाळलंय.

मग सल्ल्यांचा ओघ सुरू झाला. एकजण जिन्यात थांबवून म्हणाले, "मका भिजवून घाला." एकीने विचारलं, "ठेवता कुठे? बाथरूममध्ये का? मग अंघोळीचं कसं करता?" समोरच्या आजोबांनी फार मायेने सांगितलं, "एकटं नका ठेवू हो. झुरतं एकटं. दुसरं आणा." बाई मान हलवत आणि घरात येऊन दार लावून घेत. परगावाहून मुलीचा फोन आला. "आई, करमत नाही हे मान्य. पण बदक?" मुलीला ही बातमी कोणी कळवली हे वेगळं सांगायला नको.

आता 'ते बदक म्हणजे मीच' एवढं सांगितलं असतं की विषय मिटला असता. पण हे वाक्य काही बाईंच्या ओठांवर येईना. खोटं बोलायचं नाही हा नेम होता. खरं बोललंच पाहिजे असा वेगळा नेम त्यांनी घेतला नव्हता, याबद्दल त्यांनी देवाचे मनोमन आभार मानले.

शेवटी इमारतीचे सेक्रेटरी आले. हे सेक्रेटरी म्हणजे तेच, खिडकीजवळचं मांजर. आता डोक्यावर केस उरले नव्हते, पण बाईंच्या दारात उभं राहताना हात अजून मागे बांधले जात. आणि नेमके आले ते सकाळी, मौनात.

"बाई, तक्रार आहे. तुमच्या घरात बदक आहे का?"

बाईंनी मानेने नाही म्हटलं.

"मग आवाज कोण काढतं?"

याला मानेने उत्तर देता येण्यासारखं नव्हतं. बाईंचं बोट हळूच स्वतःच्या छातीकडे निघालं. तेवढ्यात सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर त्यांना तो बाकावर उभा असलेला मुलगा दिसला, आणि बोट आपसूक वर गेलं. म्हणजे, देवालाच ठाऊक.

सेक्रेटरींनी वर पाहिलं. "वरच्या मजल्यावर? मला वाटलंच होतं," म्हणाले, आणि जिना चढून गेले.

वरच्या मजल्यावर एक मुलगी भाड्याने राहत होती. ती कलाकार आहे असं सगळे म्हणत, पण तिच्या घरात कोणाला एकही चित्र दिसलं नव्हतं. नुसत्या वायरी आणि स्पीकर. सेक्रेटरींनी बेल वाजवली त्या क्षणी आतून आधी बेडूक आणि मग तरस ओरडलं. पुढचं काही ऐकून घ्यायला ते थांबलेच नाहीत. संध्याकाळी दोन्ही घरांच्या दारावर नोटीस लागली : घरात प्राणी नसल्याचा सरकारी दाखला आणावा, अन्यथा पुढची कारवाई.

त्यामुळे प्राणी विभागाच्या खिडकीसमोर बाई आणि ती मुलगी एकापाठोपाठ उभ्या राहिल्या. खिडकीतला कारकून फार शांत माणूस होता. कुणाचंच काम होणार नाही हे आधीच ठरलं असलं की माणसाला अशी शांतता लाभते.

"बदक नसल्याचा दाखला हवाय," बाई म्हणाल्या.

"बदक आणलंय?"

"नाहीये म्हणून तर दाखला हवा."

"आजी, नसलेल्या प्राण्याची आमच्याकडे नोंद नसते. नोंद नाही तर दाखला कशाचा देऊ? आधी बदक नोंदवा."

"नसलेलं?"

"हो. मग ते मेलं म्हणून दुसरा अर्ज करा. मग आम्ही 'सध्या प्राणी नाही' असं लिहून देतो. सरळ आहे. लिहू? नर की मादी? मृत्यूचं कारण?"

बाईंनी खिडकीची कड धरली. याच कार्यालयात, पलीकडच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीशी, हाच प्रश्न त्यांना विचारून फार दिवस झाले नव्हते. तिथला कारकूनही असाच मान खाली घालून लिहीत होता.

"मी नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "जिवंत आहे ते. मी नाही कोणाला मेलं म्हणून लिहून देणार."

"मग आहे म्हणा की!" कारकून पहिल्यांदाच वर बघून म्हणाला. पण बाई खिडकीपासून दूर झाल्या होत्या.

बाहेरच्या बाकावर मुलगी त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"बाई, एक विचारू? तुमच्या घरात आहे तरी काय?"

"मी," बाई म्हणाल्या. "मीच आहे."

ती हसेल म्हणून बाईंनी पर्स घट्ट धरली होती. मुलगी हसली नाही. तिचे डोळे मात्र एकदम मोठे झाले. "तो आवाज तुमचा? मी जमिनीला कान लावून ऐकते रोज! करून दाखवाल?"

"इथे?"

"मग कुठे?"

बाईंनी चटकन तिच्याकडे पाहिलं. हे शब्द असेच्या असे त्यांनी ऐकले होते. "घरी," त्या म्हणाल्या. "घरी ये. करीन."

त्या संध्याकाळी मुलीने आपला धंदा समजावून सांगितला. ती रानावनात जाऊन प्राण्यांचे आवाज टिपून आणते आणि ते ऐकून माणसांचं अंग कसं हलतं ते लोकांना दाखवते. गेल्या खेपेला एक धडधाकट गृहस्थ तासभर बेडकासारखे बसले होते, ते फार गाजलं म्हणे.

"आणि याला कला म्हणतात?" बाईंनी विचारलं. उपरोध नव्हता, माहिती हवी होती.

"आजची कला, बाई. म्हणजे काय, रोजच्या एखाद्या गोष्टीकडे नीट बघायचं. एवढंच."

"आम्ही त्याबद्दल मुलांना बाकावर उभं करायचो."

"तेही बघण्यासारखंच असेल," मुलगी म्हणाली. मग तिने प्रस्ताव मांडला. तिचं प्रदर्शन आठवड्यावर आलं होतं. बाईंनी तिथे सगळ्यांसमोर हाक मारायची. सगळी इमारत येईल, स्वतःच्या डोळ्यांनी बघेल, आणि बदकाचा प्रश्न कायमचा निकालात निघेल.

बाईंच्या जिवावर आलं. पण त्यांनी वेगळा हिशोब केला. भरल्या सभागृहात जमलं तर तळ्यावर का जमू नये? आणि माळी काय म्हणाला होता ते त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. त्या हो म्हणाल्या.

तालमी बाईंच्याच बैठकीत झाल्या. मुलगी जमिनीवर बसून कॅमेऱ्यात नुसती त्यांची पावलं टिपत असे.

"बाई, उजवा पाय असा का टाकता?"

"बदक असंच चालतं."

"नाही हो. बदक दोन्हीकडे सारखं डुलतं, मी पुष्कळ बघितलीत. तुम्ही एकाच बाजूला झुकता. आणि मध्येच थांबून गुडघ्यावर हात ठेवता."

"मला असंच येतं," बाई म्हणाल्या, आणि तास संपल्याच्या सुरात उठल्या.

प्रदर्शनाला सगळी इमारत लोटली. बँकवाल्या वहिनी पहिल्या रांगेत. आधी एक तरुण जमिनीवर पसरला आणि स्पीकरमधून गाढव ओरडू लागलं, तशा वहिनी अर्ध्या उठल्या. "बरं वाटत नाहीये का त्यांना? पाणी देऊ का कोणी?" सेक्रेटरींना बसायला खुर्ची मिळाली नाही म्हणून ते भिंतीशी उभे राहिले. सवयीने हात मागे बांधून, मान खाली घालून. थोड्या वेळाने त्यांच्याभोवती सात-आठ जाणकार मंडळी गोळा झाली. सेक्रेटरींनी अवघडून या पायावरचं वजन त्या पायावर घेतलं, तेव्हा एका दाढीवाल्याने हळूच 'वा!' म्हटलं. त्यांनी कान खाजवला तेव्हा टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदाच उभं राहिल्याबद्दल कौतुक झाल्याने बिचारे लाल झाले.

मग दिवे मंद झाले आणि बाई मधोमध आल्या. पांढरी साडी, हातात पावाचा डबा, कारण डब्याशिवाय त्यांना सुचत नसे. मागच्या भिंतीवर तालमीचं चित्रण सुरू झालं, नुसती पावलं, भिंतभर. बाईंनी डोळे मिटले, पोटात श्वास भरला आणि हाक मारली.

हाक अशी निघाली की भिंतीशी सेक्रेटरी ताठ झाले. बाई डुलत निघाल्या, वळल्या, पुन्हा हाक मारली. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. दाढीवाला उभा राहून म्हणाला, "यात एका प्राण्याचं एकटेपण आहे." बँकवाल्या वहिनी शेजारणीला म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे त्याच की!"

टाळ्या थांबल्या तरी बाई उभ्याच होत्या, डबा थोडा पुढे धरून. हाक मारल्यावर थांबायचं असतं, कोणी येतंय का बघायचं असतं. त्या थांबल्या. कोणी आलं नाही. येणार तरी कोण होतं?

कोणी येत नाही म्हटल्यावर त्या वळल्या आणि भिंतीकडे त्यांची नजर गेली.

भिंतीवर पावलं चालली होती. उजवा पाय किंचित ओढत, अंग त्याच बाजूला झुकवत, चार पावलं, मग थांबून गुडघ्यावर हात. पुन्हा चार पावलं. दुखरा गुडघा सांभाळत चालणारा माणूस असाच चालतो. बाजारात जाताना बाई आयुष्यभर यजमानांच्या एक पाऊल मागून चालत आल्या होत्या. त्या पावलांकडे मुद्दाम असं कधी पाहिलं नव्हतं. तळ्याकडे तर त्यांची पाठच असायची. तरी चाल अंगात येऊन राहिली होती. बदकाला हीच ओळखीची असणार.

"बाई?" मुलगी जवळ आली. "ही बदकाची चाल नाही ना?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. "आमच्याकडची आहे."

निघताना सेक्रेटरींनी त्यांना दारात गाठलं. त्यांचा आवाज जरा भिजला होता. "बाई, सरकारी दाखल्याची गरज नाही. मीच लिहिलंय आत्ता, शिक्का माझ्या बॅगेत असतोच." बाईंनी कागद वाचला. 'प्रत्यक्ष खात्री केली असता सदर घरात बदक नाही. घरात बाई एकट्याच राहतात.'

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. बाईंनी मान हलवली, कागदाची घडी घातली आणि घरी आल्यावर तो खणात, तिथे आधीपासून असलेल्या यजमानांच्या दाखल्यावर ठेवला. मग दिवा लावला आणि पाणी प्यायल्या.

सकाळी प्रार्थना झाली. चहा मात्र त्यांनी ठेवला नाही, तो परत आल्यावर घ्यायचा. पावाचे तुकडे करून डबा भरला, चपला घातल्या, फोटोसमोर क्षणभर उभ्या राहिल्या आणि दाराला कुलूप लावलं.

खालच्या मजल्यावर दार किलकिलं झालं. "इतक्या सकाळी कुठे निघालात बाई?"

मौन अजून सुटलं नव्हतं. बाई जिन्यात थांबल्या. त्यांनी डबा उचलून दाखवला. तेवढ्याने वहिनींना उमगेना असं दिसलं, तेव्हा इकडेतिकडे न बघता त्यांनी पोटातून, पण अगदी हलक्या आवाजात म्हटलं, "क्वॅक."

वहिनींनी दार पुरतं उघडलं. "बरं बरं," त्या म्हणाल्या. "सावकाश जा हो."

बाई कठड्याला हात लावून उरलेल्या पायऱ्या उतरल्या आणि फाटकातून बागेच्या रस्त्याला लागल्या, उजवा पाय किंचित ओढत.